भिंतीला पोट आलं की...

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या महिन्यात बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका गावात जुनं घर बघायला गेलो होतो. मालकांचं म्हणणं एवढंच, "सर, मातीच्या भिंती असू देत, वर तेवढा स्लॅब घालून द्या." सोप्यातून माजघरात शिरलो आणि मधल्या भिंतीवरून हात फिरवला. पोट आलं होतं, म्हणजे भिंत फुगली होती. ठोकून बघितलं तर ढब्ब, पोकळ आवाज.

मला किल्लारी आठवली. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. आदल्या दिवशी गणपती पोचवून गावं झोपली होती. सरकारच्या भूकंप-नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याचा. भूकंप 6.2 चा, म्हणजे जगातल्या मोठ्या भूकंपांपुढे मध्यमच. तरी माणसं गेली दहा हजारांच्या आसपास, आणि बहुतेक स्वतःच्याच भिंतीखाली. त्या भिंती दोन-अडीच फुटी, कुठे त्याहून जाड. दिसायला किल्ला. पण बाहेरून दगडाचा एक थर, आतून दुसरा, मध्ये गोटे आणि चिखल. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार लांब दगड गवंड्यानं घातलेलाच नसायचा. हादरा बसला की एक थर अंगणात, दुसरा अंथरुणावर. वर माळवदाची माती, पावसाळ्यापूर्वी दरवर्षी पाटी-दोन पाटी वाढत गेलेली. गंमत अशी की काही घरांत सगळ्या भिंती कोसळल्या, पण लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा जागच्या जागी उभा!

पुढे आम्हा आर्किटेक्ट-इंजिनिअर लोकांची पाळी आली. 52 गावं नव्या जागी वसवली. कागदावर छान: सरळ रस्ते, आखीव प्लॉट. पण शेजार तुटला, शेत लांब पडलं, म्हैस कुठे बांधायची ते नकाशात नव्हतंच. लोकांनी मग नव्या घरापुढे पत्रे ठोकून आपलं घर आपणच पुरं केलं. हा दोष आमच्या धंद्याचा, दुसऱ्या कुणाचा नाही.

त्याच वेळी एक साधं कामही झालं, जे मला जास्त मोलाचं वाटतं. उभ्या राहिलेल्या घरांच्या भिंतीतला एखादा दगड हलक्या हातानं काढायचा, आरपार भोक पाडायचं, टोकं आकड्यासारखी वळवलेली सळी घालून काँक्रीट भरायचं. झाला आरपार दगड तयार. असल्या कामाचे फोटो कुणी मासिकात छापत नाही.

जपानचे आर्किटेक्ट शिगेरू बान यांच्या कामाचे मात्र छापतात, आणि छापावेतही. 1995 च्या कोबे भूकंपानंतर त्यांनी बिअरच्या क्रेटमध्ये वाळूची पोती भरून पाया केला आणि कागदी नळ्यांच्या भिंती उभारल्या. कागदाचं घर म्हटल्यावर आमचे गवंडी हसले. पण 2001 ला कच्छमध्ये त्याच माणसानं पडक्या घरांचा राडारोडा पायाभरणीत वापरला, हे सांगितल्यावर गप्प बसले.

कच्छच्या त्याच भूकंपात अहमदाबाद केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून लांब. तरी तिथल्या बहुमजली इमारती पडल्या. खाली गाड्यांसाठी नुसते कॉलम, वर भिंतींनी भरलेले मजले; म्हणजे खालचाच मजला कमजोर. बेळगावच्या टिळकवाडीत, शहापुरात फिरताना आता माझी नजर आधी पार्किंगकडे जाते. 2002 च्या भूकंप-नकाशात बेळगाव तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या झोनमध्ये आहे. आणि 1967 ला कोयना हलली तेव्हा आमच्या मांडणीवरची भांडी खाली आली होती, असं आई सांगायची.

तर खानापूरचं ते घर. चार इंची स्लॅब म्हणजे दहा बाय दहाच्या एका खोलीवर सव्वादोन टनांहून जास्त ओझं. मालकांना हे भिंतीच्या पोटावर हात ठेवून सांगितलं. पोटाची भिंत उतरवून नव्यानं बांधायची आणि सगळ्या भिंतींवरून, दारं-खिडक्यांच्या वर, एक अखंड काँक्रीटचा पट्टा फिरवायचा ठरलं. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवतात तसा. कोपऱ्यात तुटला तर त्याचा उपयोग नाही, म्हणून सळ्या वळवताना मी स्वतः उभा होतो. छपराला पुन्हा मंगळुरी कौलं.

मालक थोडे नाराज होते, स्लॅब नाही म्हणून. त्यांच्या आईनं तेवढ्यात विचारलं, "जुनी सागवानी चौकट ठेवणार न्हवं?"

ठेवली आहे. पट्टा तिच्या वरून गेलाय.

नमस्कार.