मळ कोणता, झीज कोणती

(आर्वी तालुक्यातल्या एका गावी, वाचनालयाच्या अंगणात दिलेलं व्याख्यान. बोलण्याचा बाज ठेवून संपादित.)

मंडळी, आज सांगणार आहे ते भंगारातून आणलेलं भोकं पाडायचं जुनं मशीन मी कसं दुरुस्त केलं त्याबद्दल. आधी एक खुलासा करतो. मी फिटर नाही, टर्नर नाही, आयटीआयची पायरीही कधी चढलो नाही. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलं. त्यामुळे ज्यांना यातलं कळतं त्यांनी मागच्या सतरंजीवर बसून खुशाल हसावं. मी बोलणार आहे ते ज्यांना काहीच येत नाही त्यांच्याशी. दीड वर्षापूर्वी मी त्यांच्यातलाच होतो.

आपल्या भागात जिन, म्हणजे कापसातून सरकी काढायचे कारखाने, किती होते हे म्हाताऱ्या मंडळींना सांगायला नको. या कापसापायीच १९१७ साली पुलगाव-आर्वी नॅरोगेज रेल्वे सुरू झाली. प्रत्येक मोठ्या जिनात एक छोटं वर्कशॉप असायचं, कारण हंगामात रोलर बिघडला तर नागपूरहून माणूस येईपर्यंत गाड्यांची रांग रस्त्यावर. तर असं एक बंद पडलेलं जिन मोडीत निघालं. मी गेलो होतो सागवानी दरवाजे बघायला. दरवाजे आदल्या दिवशीच गेले होते. कोपऱ्यात पोत्याखाली हे उभं होतं.

भंगारवाला म्हणाला, "गुरुजी, हे नेता का? भोकं पाडाची मशीन हाये."

म्हटलं, "चालते का?"

"चालत असती तं तुमाले देली असती का?"

एवढं खरं बोलणारा व्यापारी मी दुसरा पाहिला नाही. काट्यावर ६२ किलो भरलं, तीस रुपयांनी १८६० रुपये. घरी आणल्यावर सौभाग्यवती एवढंच म्हणाल्या, "घरात भंगार कमी होतं काय?"

टेबलावर ठेवायचं, म्हणजे बेंच ड्रिल. खाली बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, पाया, त्यात उभा खांब, खांबावर वरखाली सरकणारं छोटं टेबल आणि वर डोकं. डोक्याच्या मागे मोटर, पुढे स्पिंडल, म्हणजे बिट फिरवणारा उभा दांडा, दोन्हीवर चार पायऱ्यांच्या पुल्या आणि मध्ये व्ही-बेल्ट. बाजूचा दांडा ओढला की स्पिंडल ज्या नळीत फिरतो ती नळी खाली येते, दांडा सोडला की स्प्रिंग तिला वर नेते. हे सगळं मी आज घडाघड सांगतो. त्या दिवशी मला दिसला तो फक्त गंजाचा एक गठ्ठा, आणि एका अंगाला रंगाखाली दबलेली इंग्रजी अक्षरं, त्यातली शेवटची तीनच वाचता येत होती. रंग निघाल्यावर कळलं, 'बटाला'. पंजाबातलं ते गाव ओतकामासाठी आणि मशीनसाठी जुनं नावाजलेलं.

आता पहिली चूक. डोकं खांबावर इतकं घट्ट बसलं होतं की हलेना. मी घण घेतला आणि दिला एक ठोका. पट्ट्यावरच्या झाकणाचा कान टणकन तुटून भिंतीपर्यंत गेला. मंडळी, बीड वाकत नाही, तुटतं. आपण वखराची पास, सब्बल, पहार असल्या लोखंडावर वाढलेली माणसं. ठोकलं की सरळ होतं असा आपला हात. बिडाशी तसं वागता येत नाही. कान जोडायला वेल्डिंगवाल्याकडे नेला. त्याने तो आधी भट्टीत तापवला, निकेलच्या रॉडने जोडला आणि लगेच चुलीतल्या राखेच्या ढिगात गाडून ठेवला. "उद्या सकाळी न्या गुरुजी. आत्ता गार हवा लागली तं पुन्हा तडकते." रात्रभर राखेत निवलेला तो सांधा आजही टिकून आहे.

डोक्याचं काय केलं? डिझेलमध्ये थोडं ऑइल मिसळून रोज सकाळ-संध्याकाळ सांध्यावर सोडत राहिलो. रॉकेल पूर्वी घरोघर असायचं, आता शोधावं लागतं, डिझेल चालतं. अकराव्या दिवशी लाकडी ठोकळा लावून हलकेच ढकललं तर डोकं फिरलं. मग बघतो तर मागे एक पकड-बोल्ट होता, तो मी सैलच केला नव्हता! अकरा दिवसांतले किती डिझेलचे आणि किती त्या बोल्टाचे, हा हिशेब मी कुणाला सांगितला नाही, आज सांगतो.

इथे मला जे कळलं ते सांगण्यासाठीच खरं तर मी आलो आहे. जुनं यंत्र बिघडलेलं दिसतं त्यात दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात: मळ आणि झीज. मळ म्हणजे गंज, घट्ट झालेलं ग्रीस, कापसाची धूळ, चुकीचं बसवलेलं काहीतरी. मळाला पैसा लागत नाही, वेळ लागतो. झीज म्हणजे लोखंड गेलेलं आहे. ते घासून परत येत नाही, तिथे नवा भाग लागतो, लेथवाला, म्हणजे लोखंड फिरवून तासणारा, लागतो किंवा 'असू दे' म्हणावं लागतं. नवशिका माणूस झिजेला घासत बसतो आणि मळाला नवीन भाग आणतो. मीही तेच केलं.

खांब लालभडक गंजलेला. वाटलं, गेला. डिझेल आणि भांड्याच्या तारेच्या घासणीने दोन तास घासला तर खालून चकचकीत. नुसता मळ. लहान भाग, म्हणजे दांडे, नट, पुली, निळ्या ड्रममध्ये टाकले. पाणी, लिटरमागे चहाचा चमचाभर धुण्याचा सोडा, आणि ट्रॅक्टरची बॅटरी चार्ज करायचा बारा व्होल्टचा चार्जर. गंजलेला भाग वजाच्या टोकाला, अधिकच्या टोकाला साध्या लोखंडी सळईचा तुकडा. दोन्ही एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. थोड्या वेळात दाण्यादाण्यांचे बुडबुडे आणि वर खरकट्या कढीसारखा तपकिरी फेस. दुसऱ्या दिवशी भाग काढले तर काळे, ब्रशने घासल्यावर करडे. मात्र काढल्या-काढल्या पुसून तेल लावा, नाही तर चहा होईपर्यंत पुन्हा तांबूस होतात. सळईच्या जागी स्टेनलेसचा चमचा लावाल तर पाण्यात क्रोमियमचं विष उतरतं. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, तेव्हा हे उघड्यावर करायचं, बिडी न ओढता. आणि स्प्रिंग त्यात टाकायची नाही, ती ठिसूळ होऊन तुटते.

स्प्रिंगचं नाव निघालंच तर हा अंगठा बघा. डोक्याच्या डाव्या अंगाला वाटीएवढं गोल झाकण होतं, मध्ये एक नट. मी नट काढला. आत घड्याळासारखी गुंडाळलेली पट्टी-स्प्रिंग होती, ताण भरलेली. झाकण हातातून सुटलं, गरगरलं आणि पट्टीची कड अंगठ्यातून गेली. चार टाके. ते झाकण जाड कापडात घट्ट धरायचं, थोडं बाहेर घेऊन एकेक खाच उलट फिरवत ताण उतरवायचा, आणि आधी मोजून लिहून ठेवायचं की किती वेढे होते. हे मला डॉक्टरांकडून आल्यावर कळलं.

बेअरिंग मात्र खरोखर झिजली होती. स्पिंडल हाताने फिरवला तर आतून वाळू भरडल्यासारखा आवाज. काढल्यावर कडेचा मळ खिळ्याने खरवडला तर आकडा दिसला: ६२०३. दुसऱ्या जोडीवर ६२०४. या आकड्यांत गणित आहे आणि ते शाळेत कुणी शिकवत नाही, मीसुद्धा नाही शिकवलं. शेवटचे दोन आकडे आतल्या भोकाचे. ०४ पासून पुढे त्याला पाचाने गुणा: ०४ म्हणजे २० मिलिमीटर, ०५ म्हणजे २५. त्याच्या खालचे चार तेवढे पाठ करायचे: ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७. जगात कुठल्याही कंपनीचं घ्या, माप तेच. त्यामुळे 'जुन्या मशीनचे भाग मिळत नाहीत' हे निदान बेअरिंगच्या बाबतीत खोटं. तालुक्याच्या दुकानात दोन्ही जोड्या पाच मिनिटांत मिळाल्या. शाफ्टवर बसवताना फक्त आतल्या कड्यावर जोर द्यायचा. बाहेरच्या कड्यावर ठोकलं तर सगळा मार मधल्या गोळ्यांवर बसतो आणि नवं बेअरिंग तिथेच जुनं होतं.

मग चकचा, म्हणजे बिट धरणाऱ्या जबड्याचा, घोळ. एका माजी विद्यार्थ्याचं लेथचं दुकान आहे, त्याच्याकडून डायल गेज, म्हणजे बारीकसं हलणंही काट्यावर दाखवणारं माप, आणला. चकमध्ये सरळ पिन धरून फिरवली तर काटा ०.३० मिलिमीटर हलला. वाटलं, स्पिंडल वाकला, संपलं. पोरगा म्हणाला, "सर, आधी टेपर बघू." चक स्पिंडलमध्ये स्क्रूने बसत नाही. निमुळता दांडा निमुळत्या भोकात शिरतो, वीस मिलिमीटरला साधारण एक मिलिमीटर निमुळता, आणि नुसत्या घर्षणावर घट्ट धरतो. कुऱ्हाडीच्या दांड्यातली पाचर धरते तसा. याला मोर्स टेपर म्हणतात. तारखात्याचा मोर्स वेगळा. हा अमेरिकेतला स्टीफन मोर्स, ज्याने १८६३ साली पिळाच्या ड्रिल बिटाचं पेटंट घेतलं. आज आपण जे बिट वापरतो ते त्याच घराण्यातलं.

पोरानं विचारलं, "सर, शेंदूर आहे का?" मला वाटलं, आता मारुतीलाच साकडं. पण फिटर लोकांची ती जुनी रीत आहे. शेंदूर तेलात कालवून दांड्यावर पातळ फासला, भोकात घालून किंचित फिरवून काढला. शेंदूर सगळीकडे सारखा पुसला जायला हवा होता, पुसला गेला एका कडेलाच. भोकाच्या तोंडाशी आत बोट फिरवलं तर नखाला काहीतरी अडलं. कुणीतरी कधीतरी चक ठोकून काढताना उठवलेली बारीक कड होती. तेलदगडाने ती पाच मिनिटं घासली. पुन्हा गेज लावला: ०.०६. स्पिंडल सरळच होता. मी नवीन स्पिंडल करायला टाकणार होतो, मंडळी.

खरा शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड, तेव्हा हात धुवा. आणि त्याच नात्यातली दुसरी गोष्ट: माझ्या मशीनच्या हिरव्या रंगाखाली शेंदरी थर निघाला. जुन्या काळी गंज लागू नये म्हणून लोखंडाला शिशाचाच थर देत. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरात लागू झाली, त्याआधीचं काही सांगता येत नाही. असा रंग कोरडा घासून त्याची भुकटी नाकात घालू नका, लेकरांच्या तर नाहीच नाही. ओला घासा.

जी नळी वरखाली होते तिला मात्र खेळ, म्हणजे सैलपणा, आहे. खाली ओढून हाताने हलवली तर कट् असा आवाज येतो. ती झीजच आहे. पोरानं सांगितलं की डोक्याचं भोक आतून मोठं करून त्यात नवी बाही, म्हणजे पातळ नळी, घालता येईल, पण खर्च मशीनच्या किमतीच्या चौपट. मी म्हटलं, असू दे. डवऱ्याच्या पट्टीला भोक पाडायचं आहे, घड्याळ बनवायचं नाही.

मोटर थ्री-फेज होती आणि माझ्या घरी सिंगल. शेतावर थ्री-फेज आहे, पण ती कधी रात्रीची येते हे तुम्हाला ठाऊक आहे. रात्री दोन वाजता भोकं पाडायला जाणारा गुरुजी गावात कोण सहन करील? पंप भरणाऱ्या रिवाइंडिंगवाल्याकडे ती मोटर दिली, वर पैसे टाकून अर्ध्या हॉर्सपॉवरची, १४४० आरपीएमची सिंगल-फेज घेतली. शाफ्ट बारीक निघाला, लेथवर बुश, म्हणजे मधली पोकळ नळी, करून पुली बसवली.

आणि मग तो दिवस. शेजारी जमले, सौभाग्यवती पण आल्या. पट्टीवर खूण केली, बटण दाबलं, दांडा ओढला. धूर निघाला, किंकाळी निघाली, भोक काही पडेना. म्हटलं, बिट बोथट. दुसरं लावलं. तेही निळं पडलं. तिसऱ्या बिटाला शेजारचा सातवीतला पोरगा म्हणाला, "आबा, हे उलटं फिरून राह्यलं." वरून बघितलं तर बिट घड्याळाच्या काट्यासारखं फिरायला हवं, हे काट्याविरुद्ध फिरत होतं. मोटरच्या डब्यात स्टार्टिंग वाइंडिंगच्या, म्हणजे मोटरला सुरुवातीचा धक्का देणाऱ्या गुंडाळ्याच्या, दोन तारांची अदलाबदल केली की झालं. फक्त आधी लाइन काढा आणि कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा डबा, रिकामा करा, तो बंद मोटरमध्येही झटका देतो.

वेगाचं एक गणित सांगतो, पाठ करायला सोपं. साध्या लोखंडाला, हायस्पीड स्टीलचं बिट असेल तर, आठ हजाराला बिटाच्या मिलिमीटरने भागा. दहाच्या बिटाला ८००, चारच्या बिटाला २००० फेरे. याच्या मागे मिनिटाला २५ मीटर कापण्याचा वेग आहे, ज्याला हवं त्याने २५ मीटरचे मिलिमीटर करून त्यांना गणितातल्या 'पाय'ने (π) भागून बघावं. पट्टा वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर न्यायचा आळस केला की बिट जळतं, यात बिटाचा दोष नाही.

शेवटचा मुद्दा आपल्या गावचा. बोअरच्या स्टार्टरला आपण सगळे ऑटो लावतो, लाइट आली की पंप आपोआप सुरू. ड्रिलला नेमकं उलट हवं. लाइट गेली, तुम्ही चकमध्ये हात घालून बिट काढताय आणि लाइट आली, तर? म्हणून याला हिरव्या-लाल बटणाचा, नो-व्होल्टवाला स्टार्टर लावला आहे. लाइट गेली की तो सुटतो आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय लागत नाही. त्याला ऑटो लावून देतो म्हणणारे गावात तिघं भेटले, तिघांनाही चहा पाजून परत पाठवलं.

मशीन टेम्पोत आणलं आहे, वाचनालयाच्या मागे. उतरवायला चौघं लागतील. अर्थिंगची तार मी आणली आहे. बघायला जे पुढे येणार आहेत त्यांनी गळ्यातले दुपट्टे इथे खुर्चीवर काढून ठेवा, आणि हातमोजे कुणी घातले असतील तर तेही. फिरत्या बिटाला दोन्ही फार आवडतात. चला, लाइट आहे तोवर.