डॉक्टर मॅकॉय नुसता हळवा नाहीये

नमस्कार मंडळी. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, जागा आहे. विषय ठेवलाय कोरड्या तर्कासमोर उभं राहणारं कनवाळू पात्र, आणि त्यासाठी मी एकच माणूस घेऊन आलोय, स्टार ट्रेकमधला डॉक्टर लेनर्ड मॅकॉय. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेत एनबीसी चॅनेलवर १९६६ ते १९६९ ही मालिका चालली, तीन सीझन, ७९ भाग. एंटरप्राइझ नावाचं अंतराळयान, त्याचा कॅप्टन कर्क, फर्स्ट ऑफिसर स्पॉक जो अर्धा व्हल्कन आहे, म्हणजे भावना ताब्यात ठेवायच्या आणि तर्काने जगायचं अशी ज्यांची शिकवण आहे त्या लोकांतला, आणि यानावरचा डॉक्टर हा मॅकॉय. स्पॉक आणि मॅकॉयचं सतत वाजत असतं. एक म्हणतो आकडे बघा, दुसरा म्हणतो अरे माणसं आहेत ती.

यावर नेहमी काय बोललं जातं, तर स्पॉक म्हणजे डोकं, मॅकॉय म्हणजे काळीज, आणि कर्क मधे बसून दोघांचं ऐकतो आणि निर्णय घेतो. मीही कित्येक वर्षं हेच सांगत होतो. अगदीच चूक नाहीये ते, पण मॅकॉयवर त्यात अन्याय होतो असं मला आता वाटायला लागलंय. कारण एकदा काळीज म्हटलं की आपण मनातल्या मनात ठरवून टाकतो की विचार करायचं खातं याच्याकडे नाही, याने फक्त कळवळायचं, आरडाओरडा करायचा आणि हुशार माणसाने याला गप्प बसवायचं. अहो पण तो डॉक्टर आहे! सर्जन आहे, दिवसभर लॅबमध्ये असतो, औषधं शोधतो, शास्त्र हाच त्याचा धंदा आहे. स्पॉकला जे दिसतं ते त्यालाही दिसतं, फक्त त्याला आणखी काहीतरी दिसतं जे स्पॉकच्या नजरेतून सुटतं, आणि ते जे दिसणं आहे ना, ती माहिती असते, पक्की, कामाची माहिती. आज मला एवढंच पटवून द्यायचंय.

जानेवारी १९६७ मधला एक भाग घ्या, द गॅलिलिओ सेव्हन. सात जणांचं छोटं शटल एका अनोळखी ग्रहावर कोसळतं, कमांड स्पॉककडे, मॅकॉय सोबत आहे. शटल पुन्हा उडवायचं तर वजन कमी करायला लागणार, साधारण तीन माणसांच्या वजनाएवढं, आणि स्पॉक अगदी शांतपणे सांगतो की तशी वेळ आली तर मागे कोण राहणार ते मी तर्काने ठरवीन. ग्रहावर राक्षसासारखे धिप्पाड प्राणी आहेत, त्यांच्या भाल्याने एक जण मरतो. प्रेत समोर पडलंय, बरोबरची माणसं सुन्न झालीत, आणि स्पॉक तो भाला हातात घेऊन त्याचं टोक निरखतोय, कुठल्या धाटणीचं आहे ते सांगतोय. हा सीन मी खूप वेळा बघितलाय. त्यात स्पॉक दुष्ट वाटत नाही, खरंच नाही, तो त्या क्षणी उपयोगाचं असेल तेच करतोय. पण आपला माणूस गेलाय आणि आपल्या प्रमुखाचं लक्ष भाल्याकडे आहे हे बाकीच्यांनी पाहिलं, तिथून पुढे ती माणसं मनाने त्याच्यासोबत राहत नाहीत. मेलेल्याला पुरायचं की नाही यावरून वाद होतो, कबरीपाशी दोन शब्द कोण बोलणार यावरून होतो, आणि प्रत्येक वेळी स्पॉकचं उत्तर हेच की आत्ता वेळ नाही. वेळ नव्हता हे खरंच होतं! पण हाताखालच्या माणसांचा जीव कशात अडकलाय हे ज्याला कळत नाही त्याच्या हिशोबात एक मोठा आकडा राहून जातो.

आणि मग खरी गंमत होते. त्या प्राण्यांचं काय करायचं? दोघं जण चिडून म्हणतात मारून टाका. स्पॉक नाही म्हणतो, विनाकारण जीव घ्यायचा नाही, आपण आजूबाजूला गोळीबार करून त्यांना घाबरवू, आपली ताकद कळली की ते लांब राहतील. म्हणजे बघा हां, इथे भावनेच्या भरात बोलणारे रक्त मागतायत आणि थंड डोक्याचा माणूस जीव वाचवायला बघतोय. हे मुद्दाम सांगतोय, कारण भावना म्हणजेच करुणा असं धरून चालणारे खूप लोक भेटतात, आणि तसं नसतं, राग पण भावनाच आहे. असो. तर स्पॉकने घाबरवलं, आणि ते प्राणी घाबरून लांब राहायच्या ऐवजी चवताळून शटलवर चालून आले, दगड घेऊन वरून ठोकायला लागले. स्पॉक गोंधळून जातो, हे तर्काला धरून नाही म्हणतो. तेव्हा मॅकॉय त्याला जे सुनावतो त्याचा मतलब असा, की बाबा, समोरच्याची ताकद ओळखून मान देणं हे विचार करणाऱ्याचं काम झालं, त्यांना राग येईल असं तुझ्या मनातसुद्धा आलं नाही का? स्पॉक म्हणतो ते बेभरवशाचे आहेत त्याला मी काय करू. आणि मॅकॉय म्हणतो ते अजिबात बेभरवशाचे नव्हते, ज्याला भावना आहेत अशा कुणालाही हे आधीच कळलं असतं.

ह्या एका वाक्यात मॅकॉयचं पात्र सापडतं असं मला वाटतं. तो दया करा म्हणत नाहीये, तो म्हणतोय तुझा अंदाज चुकला कारण तू अर्धीच माहिती घेतलीस.

हे नुसतं गोष्टीतलं नाहीये. अँटोनिओ डमासिओ नावाचे एक मेंदूतज्ज्ञ आहेत, त्यांनी कपाळामागच्या मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेले पेशंट अभ्यासले. बुद्धी शाबूत, स्मरणशक्ती शाबूत, बोलणं व्यवस्थित, पण आतून काही जाणवणं जवळजवळ बंद. आपल्याला वाटेल की हा तर परफेक्ट तर्काचा माणूस झाला, मधे भावनेची लुडबुड नाही. प्रत्यक्षात त्यांना रोजच्या आयुष्यातले साधे निर्णय घेता येईनात. डमासिओंनी एका पेशंटचं लिहिलंय, त्याला पुढच्या भेटीसाठी दोन तारखा दिल्या, यातली कुठली चालेल सांगा म्हणून. तो डायरी काढून बसला आणि जवळपास अर्धा तास दोन्ही तारखांचे फायदे तोटे, बाकीची कामं, त्या दिवशी हवामान कसं असेल, सगळं मांडत राहिला. एकही मुद्दा चुकीचा नव्हता! शेवटी यांनीच सांगितलं की दुसऱ्या तारखेला या, तर तो लगेच ठीक आहे म्हणाला आणि डायरी मिटून निघाला. पुरे झालं आता, एवढं काही महत्त्वाचं नाहीये हे, हे आपल्याला आतून जाणवतं ना, ते त्याला जाणवत नव्हतं. काय महत्त्वाचं आणि काय नाही हे नुसता तर्क सांगू शकत नाही, ते आधी मनाला कुठेतरी लागावं लागतं, मग तर्काला काम मिळतं.

आता कुणी म्हणेल मग मॅकॉयच बरोबर, संपला विषय. नाही ना संपत! मालिका लिहिणाऱ्यांनी त्याला सपशेल चुकूही दिलंय, आणि चुकू दिलंय ते त्याच्या सगळ्यात चांगल्या गुणापायी. एप्रिल १९६७ चा भाग, द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर. चुकून औषधाचा जबरदस्त ओव्हरडोस होऊन मॅकॉय भ्रमिष्ट होतो, त्या अवस्थेत काळाच्या दारातून मागे जातो, १९३० सालच्या न्यूयॉर्कमध्ये, आणि तिथे काहीतरी असं करतो की पुढचा सगळा इतिहास पुसला जातो. कर्क आणि स्पॉक त्याच्या मागे जातात. तिथे गरिबांना जेवण देणारी एडिथ कीलर भेटते, कर्कचा तिच्यावर जीव जडतो, आणि स्पॉक हिशोब लावून शोधून काढतो की ही बाई अपघातात मरायला हवी होती. ती वाचली तर तिच्या शांततेच्या चळवळीमुळे अमेरिका महायुद्धात उशिरा उतरते, जर्मनीला आधी अणुबॉम्ब मिळतो आणि जर्मनी जिंकते. मॅकॉयला यातलं काही माहीत नाही. तो तापलेला, थरथरत तिच्या दारात पोचलाय, तिने कोण कुठला न विचारता त्याला झोपवलंय, शुश्रूषा केलीये. मग ती रस्ता ओलांडतेय, ट्रक येतोय, मॅकॉय धावतो, डॉक्टर काय कुणीही धावेल, आणि कर्क त्याला मिठी मारून धरून ठेवतो. मॅकॉय अविश्वासाने विचारतो, मी वाचवू शकत होतो तिला, तू काय केलंस कळतंय का तुला? कर्कच्या तोंडून शब्द फुटत नाही. उत्तर स्पॉक देतो, की त्याला कळतंय डॉक्टर, कळतंय त्याला.

इथे मी दरवेळी थांबतो. तिचं मरण ज्याच्या हिशोबाने ठरलं, त्याच माणसाच्या तोंडी सगळ्यात हळुवार वाक्य दिलंय. आणि मॅकॉयचा प्रश्न चुकीच्या माहितीवर उभा असला तरी तो विचारला गेला हे गरजेचं होतं, कारण तो विचारला नसता तर एक बाई गेली आणि इतिहास वाचला, एवढा कोरडा जमाखर्च उरला असता.

आता दुसऱ्या बाजूचं बोलतो, कारण करुणेचीही एक उणीव असते. जानेवारी १९६८, द इम्युनिटी सिंड्रोम. इंट्रेपिड नावाचं यान नष्ट होतं, त्यावर ४०० व्हल्कन होते, आणि लांब एंटरप्राइझवर बसलेल्या स्पॉकला ते मरण आतून जाणवतं, तो कळवळतो. मॅकॉय त्याला तपासताना म्हणतो इतक्या लांबून कसं जाणवेल. त्यावर स्पॉक जे बोलतो ते मॅकॉयच्या आणि आपल्याही वर्मी लागतं. तुम्हा लोकांना एकाचं मरण समजतं, लाखोंचं समजत नाही, म्हणतो, व्हल्कनांचं काळीज दगडाचं म्हणता आणि तुमच्या काळजात जागा किती थोडी आहे. खरंय हो. एक पोर रडताना दिसलं की आपला जीव तुटतो, आणि हजारोंचा आकडा वाचून आपण पान उलटतो. करुणेला चेहरा लागतो, चेहरा नसेल तिथे ती आंधळी होते, आणि नेमकं तिथे तर्काने तिचा हात धरायला लागतो, मोजून सांगायला लागतं की हे ४०० सुद्धा एकेकच होते. म्हणून मला हे दोघं एकमेकांचे विरोधक वाटतच नाहीत, एकाला जवळचं दिसतं आणि एकाला लांबचं.

तुमच्यात लिहिणारे असतील त्यांना एक सांगतो, थोडं अधिकारवाणीने वाटेल, चालवून घ्या. असं पात्र लिहिताना त्याला गोड करू नका. मॅकॉय फणसासारखा आहे, सारखा कुरकुर करतो, टोमणे मारतो, स्पॉकच्या व्हल्कन असण्यावरून, म्हणजे त्याच्या हिरव्या रक्तावरून आणि टोकदार कानांवरून, जे बोलतो ते आज ऐकताना खटकतं, आणि खटकायलाच पाहिजे, ते काही चांगलं नाहीये. पण त्याची माया चिडचिडीतून बाहेर येते म्हणून ती खरी वाटते. मॅकॉय करणारा डीफॉरेस्ट केली हा नट त्याआधी वेस्टर्न सिनेमांत बहुतेक खलनायक करत होता. त्याला स्वतःला डॉक्टर व्हायचं होतं, घरच्या परिस्थितीमुळे जमलं नाही. पुढे त्याला पत्रं यायची, की तुमचं काम बघून आम्ही डॉक्टरकीकडे वळलो म्हणून.

आणि त्याला नुसतं बोलायला ठेवू नका, करू द्या. डिसेंबर १९६८ च्या द एम्पाथ या भागात परग्रहवासी या तिघांना पकडून ठेवतात आणि कर्कवर वेळ येते की छळासाठी मॅकॉयला पाठवायचं की स्पॉकला. मॅकॉय गेला तर मरायची शक्यता ८७ टक्के, स्पॉक गेला तर कायमचं वेड लागायची ९३ टक्के. मॅकॉय कर्कला इंजेक्शन देऊन झोपवतो. आता कमांड स्पॉककडे आली, आणि स्पॉकने तर्काने ठरवलंय की आपणच जायचं. मॅकॉय वाद घालत नाही, त्यालाही इंजेक्शन देतो आणि स्वतः जातो. दोघंही एकमेकांसाठी मरायला तयार होते, एक विचार करून आणि एक विचार न करता, फक्त सुई मॅकॉयच्या हातात होती.

अजून एक, मग थांबतो. त्याच इम्युनिटी सिंड्रोममध्ये एका अजस्र एकपेशी जीवाच्या आत शटल घेऊन कुणीतरी एकट्याने जायचंय, जवळजवळ मरायलाच. दोघंही मी जातो म्हणून भांडतात, कर्क स्पॉकला निवडतो. शटलच्या दाराशी मॅकॉय सोडायला आलाय. स्पॉकची अपेक्षा आहे की हा शुभेच्छा देईल. हा काही बोलत नाही, तोंड वाकडं करून उभा. स्पॉक आत जातो, दार सरकून बंद होतं, आणि मग, समोर कुणी नसताना, मॅकॉय हळूच म्हणतो, गुड लक, स्पॉक. पुढे आतून संपर्क तुटत चाललाय तेव्हा स्पॉक निरोप देतो की मॅकॉयला सांगा, त्याने मला शुभेच्छा द्यायला हव्या होत्या. १९८४ च्या स्टार ट्रेक सिनेमातही तसंच आहे. स्पॉक मेलाय, मरण्याआधी त्याने आपला आत्मा ठेवायला दिलाय तो याच भांडखोर डॉक्टरकडे, आणि आता त्याचा देह परत मिळालाय पण शुद्ध नाहीये. मॅकॉय त्याच्याजवळ बसतो आणि म्हणतो की मला तुझी आठवण येत होती रे, पुन्हा तुला गमावणं मला झेपेल असं वाटत नाही. तेव्हाही स्पॉकला ऐकू येत नव्हतं.