शेवटचा वाफा भरू द्या

श्रोतेहो, नमस्कार. गाणी संपलेली असतात पण खेळ सुरू झालेला नसतो, खेळ संपलेला असतो पण खाऊ ताटलीत पडलेला नसतो, अशा बालवाडीतल्या मधल्या वेळेविषयी मी आज बोलणार आहे. ही वेळ वेळापत्रकात कुठेही लिहिलेली नसते, परंतु दिवसाची बरीचशी रडारड, ढकलाढकली आणि चावाचावी नेमकी तिच्यातच होते.

हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षी उमगले. गाव बागायती होते आणि आमच्या अंगणात वाळूचा एक लहानसा हौद होता. चार वर्षांची एक मुलगी रोज त्या वाळूत बोटाने पाट ओढून, दोन्ही अंगांना वाफे पाडून, डब्याने त्यांत पाणी सोडत बसे. खाऊची घंटा झाली की बाकीची मुले उठत, ही मान वर करीत नसे. मी आधी हाक मारली, मग "पाच मिनिटांत ये हं," असे बजावले, मग दोनच मिनिटे उरल्याचे बोटांनी दाखवले, आणि शेवटी हातातला डबा काढून घेऊन तिला दंडाला धरून उठवले. तेव्हा तिने अंग टाकून असा आकांत मांडला की तिच्या जोडीने आणखी चौघे रडू लागले आणि त्या दिवशीची उसळ थंड होऊन गेली. हे आठवडाभर चालले. मुलगी हट्टी आहे, असा निकालही मी मनाशी देऊन टाकला होता.

आमच्या मदतनीस मावशी स्वतःच्या रानात दारं धरणाऱ्या, म्हणजे पाटाचे पाणी एकेका वाफ्यात वळवून पिकाला देणाऱ्या. एके दिवशी त्या हौदाच्या काठावर उकिडव्या बसल्या आणि वाळूकडे नीट बघून त्यांनी विचारले, "किती वाफं राहिलं गं?" मुलगी म्हणाली, "दोन." "बरं, ह्यो भरू दे, त्यो भरू दे, आन् मग दारं मोडून पानी मोरीकडं घिऊन जाऊ. तिकडं समदं कोरडं पडलंया." मुलीने दोन्ही वाफे काठोकाठ भरले आणि डब्यातले उरलेले पाणी थेंबही न सांडता मोरीपर्यंत नेले. तिथेच हात धुऊन ती ताटलीपुढे जाऊन बसली. मी घंटा हातात धरून तशीच उभी होते. मावशी जाता जाता म्हणाल्या, "बाई, भरत आल्याला वाफा कुनी अर्ध्यात सोडतं का?"

घड्याळ न कळणाऱ्या मुलीला माझी पाच मिनिटे आणि पन्नास मिनिटे सारखीच होती. दोन वाफे मात्र तिला मोजता येत होते. म्हणून, मिनिटे सांगू नका, उरलेले काम सांगा. "घसरगुंडीवर आणखी दोनदा, मग आत," किंवा "हे पान रंगवून झाले की खडू पेटीत." पुन्हा सांगते, मिनिटे नव्हे, उरलेले काम. शिवाय मावशींनी पाणी थांबवले नाही, वळवले. मुलाच्या हातात पुढच्या जागी न्यायची एखादी वस्तू असली, तर त्याचे पाय आपोआप तिकडे वळतात.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्या साथीने १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचे काम आरंभले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले, तेव्हा आदिवासी पाड्यांवरच्या मुलांसाठी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली आणि परिसरातल्या वस्तूंनाच शिकण्याचे साहित्य केले. मावशींनी वेगळे काय केले होते? त्या मुलीला घरच्याच भाषेत एका कामातून दुसऱ्या कामात आणले होते.

राहिली रांग. पंचवीस मुलांना एकाच नळापुढे उभे करून "हाताची घडी, तोंडावर बोट" म्हणायला लावणे ही शिस्त नव्हे. ती मोठ्यांची सोय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. अंगणवाडीत सेविका आणि मदतनीस अशा दोघी असतात. एकीने चार-पाच मुलांना घेऊन पुढे जावे, दुसरीने काम संपवणाऱ्यांजवळ थांबावे, म्हणजे कोणालाच रिकामे उभे राहावे लागत नाही. आवरताना रोज एकच गाणे म्हणावे, आणि ते बाईंच्या गळ्यातून यावे. मोबाइलवरचे गाणे मुलाचा हात ठोकळ्यात अडकला आहे म्हणून एक कडवे जास्त थांबत नाही.

घरी जाण्याची वेळ हीसुद्धा अशीच मधली वेळ असते. पालकांनी दारातून हाका मारण्याऐवजी क्षणभर आत यावे, मूल काय करीत आहे ते पाहावे आणि किती उरले ते विचारावे. तरीही काम अर्धवट राहिलेच, तर ते मोडू नये. आमच्याकडे त्यासाठी खिडकीखाली एक फळी होती आणि तिच्यावर उद्यापर्यंत ठेवलेल्या वस्तूला झाडलोट करताना मावशीसुद्धा हात लावीत नसत.