फार-मोर आणि निळ्या खडूचा सात

अध्यक्ष महाराज आणि मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘सवलतीच्या औषध-दुकानांची साखळी वाढते कशी?’ छापणाऱ्यांनी विश्वासानं छापलाय. मला ओळखणारे मात्र आत्ताच गालात हसताहेत, दिसतंय मला इथून. उभा जन्म ऑडिटमध्ये गेला माझा. कुठलाही विषय द्या, मी फिरून फिरून गोदामात जाऊन बसतो. आज मात्र घड्याळ काढून समोर ठेवलंय.

तर गोष्ट अमेरिकेतली. ओहायो राज्यातलं यंग्सटाउन. पोलादाचं गाव. १९७७ च्या सप्टेंबरात तिथला मोठा कारखाना बंद होणार असं जाहीर झालं आणि हजारोंच्या नोकऱ्यांवर गदा आली. गाव खचलं. अशा ठिकाणी १९८२ मध्ये मिकी मोनस नावाच्या गृहस्थानं स्वस्त औषधांची दुकानं काढली. पाठीशी जायंट ईगल या किराणा साखळीचे डेव्हिड शपिरा. साखळीचं नाव फार-मोर. आपल्या कानाला ते ‘फार मोर’ असंच ऐकू येतं, आणि पिसारा तर होताच! दहा वर्षांत तीनशेवर दुकानं, तीन अब्ज डॉलरच्या आसपास विक्री. वॉलमार्टच्या सॅम वॉल्टनला म्हणे एवढ्या एकाच स्पर्धकाची धास्ती वाटायची. खरं-खोटं वॉल्टनला ठाऊक, पण गावात ही गोष्ट सांगताना लोकांची छाती फुगायची.

आता तिकडच्या औषध-दुकानाची एक गंमत. आपल्यासारखी स्ट्रिप कात्रीनं कापून देत नाहीत. फार्मासिस्ट मोठ्या बाटलीतल्या गोळ्या ताटलीत ओततो आणि चपट्या पट्टीनं पाच-पाचच्या ढकल्यांनी मोजतो. पाच, दहा, पंधरा, वीस. मग छोट्या बाटलीत भरून चिठ्ठी चिकटवतो. एक गोळी कमी-जास्त झाली तर पंचाईत. म्हणजे ज्या धंद्यात गोळी पाच-पाचनं मोजतात, त्या धंद्यात खोकी कशी मोजली, ते ऐका.

त्याआधी एक छोटा हिशेब. बी.कॉम. झालेल्यांनी दोन मिनिटं बाहेर वारा खाऊन यायला हरकत नाही. वर्षाच्या सुरुवातीला दुकानात १० डॉलरचा माल होता. वर्षभरात ९० चा घेतला. झाले शंभर. वर्षअखेर शिल्लक २०. म्हणजे ८० चा माल विकला गेला. गल्ल्यात आले ७८. दोनचा तोटा. आता काही करू नका, फक्त शिल्लक मालाच्या रकान्यात २० खोडून २५ लिहा. विकलेला माल झाला ७५ चा. गल्ला तोच, ७८. नफा तीन! ना गिऱ्हाईक वाढलं, ना भाव वाढला. पण पुढचं वर्ष २५ नं सुरू होतं. त्यातला पाचाचा माल फळीवर नाहीच, तो विकायचा कुणाला? मग पुढच्या वर्षी जास्त मोठा आकडा लिहा. त्याच्या पुढच्या वर्षी त्याहून मोठा.

म्हणून म्हणतो, माल मोजायला जाताना सांगून जाऊ नये. हे माझं जुनं दुखणं आहे, त्याची हकीकत सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

मी आर्टिकलशिप, म्हणजे सी.ए. होण्याआधीची उमेदवारी, करत होतो. एका कारखान्याची दोन गोदामं मोजायला मला पाठवलं. नाव सांगत नाही. सोमवारी पहिलं, मंगळवारी दुसरं. हातात पॅड आणि निळा खडू. मोजलेल्या प्रत्येक खोक्यावर क्रमांक टाकायचा, म्हणजे एकच खोकं दोनदा मोजलं जात नाही. सोमवारी संध्याकाळपर्यंत नाकातोंडात धूळ, पाठीचा कणा बोलायला लागलेला, पण पॅड भरलं. मंगळवारी दुसरं गोदाम. स्टोअरकीपर अगत्यशील, खुर्ची, पंखा, चहा. असं अगत्य दिसलं की ऑडिटरनं उठून उभं राहावं, हे तेव्हा कळत नव्हतं. दुपारी मागच्या रांगेतलं एक खोकं सरकवलं. ते भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं. फिरवून पाहतो तर त्यावर निळ्या खडूनं लिहिलेला सात. आणि मंडळी, मी सातच्या मधून एक आडवी रेघ मारतो. शाळेपासूनची खोड. मास्तरांचा मारही खाल्लाय त्यापायी. सातवर रेघ होती!

मी स्टोअरकीपरला विचारलं, “हे काय?” तो शांतपणे म्हणाला, “साहेब, खडू सगळीकडे निळाच मिळतो.”

मी आजूबाजूची खोकी फिरवायला लागलो. आठ, नऊ, अकरा. सोमवारी मोजलेलीच खोकी रातोरात इकडे आली होती. दहा बहुधा टेम्पोतून उतरवताना खालच्या थरात गेलं असावं. संध्याकाळी सीनियरना सांगितलं. मला वाटलं, शाबासकी मिळेल. ते म्हणाले, “दोन्ही गोदामं एकाच दिवशी मोजायला माणसं कुठून आणू? आणि पत्र तर पंधरा दिवस आधीच गेलंय.” पत्र! कुठल्या तारखेला कुठलं गोदाम, सगळं टाइप करून, खाली ‘आपला विश्वासू’. तो ‘विश्वासू’ मला अजून टोचतो.

आता कळेल मी फार-मोरवर का अडकलो. तिथले ऑडिटर कूपर्स अँड लायब्रँड, नावाजलेली फर्म. तीनशे दुकानांपैकी चार दुकानांत त्यांची माणसं मालमोजणीला उभी राहायची. चार. आणि कुठली चार, हे कंपनीला आधी कळवलेलं असायचं. फार-मोरच्या हिशेब खात्यातली काही मंडळी पूर्वी त्याच फर्ममध्ये होती, ऑडिटर कुठे बघतो नि कुठे बघत नाही हे त्यांना पाठ. तोटा आला की आधी एका कच्च्या खात्यात टाकायचा. त्या खात्याला ते ‘बकेट’ म्हणायचे, बादली! वर्षअखेरीला बादली उपडी करायची आणि तो आकडा शिल्लक माल म्हणून दुकानांवर थोडा थोडा शिंपडायचा. चार दुकानं सोडून. ती अगदी कोरडी, लख्ख.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं उरलीत म्हणे. म्हणजे छापलेला विषय आता सुरू करायला हवा.

साखळी वाढते ती खरेदीवर. मोनस त्याला ‘पॉवर बायिंग’ म्हणायचा. पुरवठादारानं भाव पाडला की ट्रकच्या ट्रक उचलायचे आणि नेहमीच्या दुकानांपेक्षा पंचवीस-चाळीस टक्के कमी भावात फळीवर लावायचे. प्रिस्क्रिप्शनसाठी माणूस आत येतो, शाम्पू, कागदी रुमाल, थंड पेयं घेऊन बाहेर पडतो. मार्जिन पातळ, पण माल भराभर फिरतो. दुकानं जास्त, तर पुरवठादार जास्त वाकतो. ‘प्रतिस्पर्ध्याचा माल ठेवू नका’ म्हणून आगाऊ रक्कमही देतो. यात लबाडी काही नाही, झकास धंदा आहे.

गोम पुढे आहे. नवी दुकानं उघडत राहिली की एकूण विक्री वाढतच दिसते. जुनं दुकान गेल्या वर्षीपेक्षा जास्त विकतंय की कमी, हे त्या आकड्यात बुडून जातं. म्हणून साखळी बघायची तर वर्षभराहून जुन्या दुकानांची विक्री वेगळी काढून बघा, आणि माल विक्रीपेक्षा वेगानं फुगतोय का ते बघा. फार-मोरचे भाव इतके खाली गेले होते की मार्जिन उरलंच नव्हतं. कमी आकड्यांचे तक्ते आले की मोनस पेनानं आकडे खोडून वरचे लिहायचा, असं त्याच्याच माणसांनी पुढे सांगितलं. यावर तासभर बोलता आलं असतं. खडूनं खाल्लं.

पकडला कसा, एवढं सांगतो. त्याला बास्केटबॉलचं वेड. एक लीगच काढली, सुरुवातीचा नियम असा की सहा फूट पाच इंचांहून उंच खेळाडू घ्यायचा नाही. उंचीच्या अटीत मी आरामात बसलो असतो. लीग तोट्यात, पैसा फार-मोरचा. लीगच्या खर्चापोटी एका ट्रॅव्हल एजंट बाईंना फार-मोरचा चेक मिळाला. त्यांना नवल वाटलं, त्यांनी तो घरमालकाला दाखवला. घरमालक निघाला फार-मोरचा गुंतवणूकदार. त्यानं शपिरांना कळवलं. ऑगस्ट १९९२ मध्ये सगळं बाहेर आलं. घोटाळा पन्नास कोटी डॉलरच्या घरातला. त्याच महिन्यात दिवाळखोरीचा अर्ज. मोनसला १९९५ मध्ये दोषी ठरवलं. कंपनी सावरली, पुन्हा बुडाली, २००२ मध्ये उरलेली दुकानंही मिटली.

दुसरी चिठ्ठी आली. थांबतो. समोरचे काका केव्हापासून हात वर करून आहेत, त्यांना बहुतेक दहा नंबरचं खोकं सापडलं का ते विचारायचंय. सापडलं. तिसऱ्या थरात, उलटं.