चालीचा खर्डा आणि खिशातला फोन

नमस्कार श्रोतेहो.

चाल सुचायला मुहूर्त लागत नाही, हीच तिची अडचण. पेटी पुढ्यात घेऊन बसावं, तर जुन्याच चाली फेर धरतात. आणि लोकलच्या दारात उभं असताना, कुकरच्या शिट्ट्या मोजताना मुखडा आपला आपण पुरा होतो. घरी पोचेपर्यंत त्यातली एखादी हरकत, म्हणजे सुरांची छोटी गिरकी, गळते, उठाव दोन मात्रा इकडे सरकतो, आणि जे उरतं ते कधीतरी ऐकलेल्या गाण्यासारखं वाटायला लागतं.

यावर आपल्याकडे सरगम लिहून ठेवायची सोय आहेच. पंडित भातखंड्यांनी ती इतकी सुटसुटीत करून दिली की शाळकरी मुलालाही जमावी: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर. त्यात सांगाडा नीट उतरतो. पण गंधारावर येताना आवाज कुठून घसरत आला, श्वास कुठे घेतला, शब्द किती ओढला, हे कागदावर येत नाही. शिवाय भजनी मंडळात उत्तम चाली बांधणारी कितीतरी माणसं अशी असतात की त्यांना सरगम लिहिता येत नाही, आणि त्यावाचून त्यांचं काही अडतही नाही. अशांच्या हातात आता फोन आहे. त्याचा नीट उपयोग कसा करायचा, याबद्दल आज बोलतो.

माझं पहिलं मत थोडं निरुत्साही वाटेल. चाल सुचल्याच्या क्षणी झगमगीत ॲप उघडू नका. फोनमध्ये आधीपासून असतं ते साधं रेकॉर्डर उघडा. लाल बटण दाबा आणि गाण्याआधी दोन शब्द बोला: "काळी एक, केरवा, मुखडा." म्हणजे पट्टी, ताल आणि चालीचा कोणता भाग ते. मग हाताने टाळी देत ठेक्याचं एक आवर्तन जाऊ द्या आणि त्यानंतर गा. ही टाळी फार महत्त्वाची. समजा तुमचा मुखडा तीनतालात बाराव्या मात्रेवरून उठतो. ठेका न देता नुसता गाऊन ठेवलात, तर चार दिवसांनी ऐकताना कान पहिल्या स्वरालाच सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, धरतो. चाल तुमचीच, पण तिचा डौल गेलेला. मग आपण म्हणतो, "त्या दिवशी बरी वाटली होती, आज काही खास नाही." चाल बिचारी तीच असते, सम हरवलेली असते.

शब्द हातात नसतील तर नुसतं "ला ला" करू नका. तोंडाला येतील ते खोटे शब्द घाला, निरर्थक असले तरी चालतील. कवीला पुढे त्यातूनच कळतं की लघु कुठे, गुरू कुठे, ओळ कुठे मोडते. "ला ला" मध्ये सगळंच दीर्घ, त्यावर कवीने लिहायचं कसं?

आता थोडं यंत्राबद्दल. फोनचा माइक मुळात बोलणं ऐकण्यासाठी बसवलेला आहे, गाण्यासाठी नाही. बोलणं स्वच्छ यावं म्हणून बरेच फोन आणि ॲप दोन उद्योग परस्पर करतात. पहिला म्हणजे सतत येणारा आवाज कापणं. खोलीतला पंखा जसा सतत, तसा तंबोराही सतत. यंत्राला दोन्ही सारखेच. मग रेकॉर्डिंगमध्ये तंबोरा हळूहळू विरत जातो आणि गाणारा एकटाच उरतो. दुसरा उद्योग म्हणजे आवाजाची पातळी आपोआप वरखाली करणं. तबल्यावर जोरकस थाप पडली की यंत्र दचकून सगळाच आवाज खाली घेतं, आणि पुढचा नाजूक बोल त्यात बुडतो. सेटिंगमध्ये या दोन गोष्टी बंद करता येत असतील तर आधी त्या बंद करा. फोन पेटीच्या फळीवर ठेवू नका, नाहीतर भात्याचे आणि पट्ट्यांचे ठोके सुरांपेक्षा मोठे येतात. बाजूला, घडी घातलेल्या टॉवेलवर, साधारण हातभर अंतरावर ठेवा. तंबोऱ्याचं ॲप दुसऱ्या फोनवर लावलं तर उत्तम.

ब्लूटूथचे हेडफोन मात्र यात नकोत. त्यांच्यात आवाज किंचित उशिरा पोचतो. सिनेमा पाहताना हे लक्षात येत नाही, पण आधी गायलेल्या ओळीवर दुसरा आवाज चढवताना दोन्ही जुळत नाहीत आणि आपण स्वतःच्या लयीवर उगाच शंका घेत बसतो. तारेचा साधा इअरफोन बरा.

खर्डा असा नोंदवून झाला की मग मोठी ॲप. गॅरेजबँड २०११ साली आयपॅडवर आलं. अँड्रॉइडवाल्यांसाठी बँडलॅबसारखी फुकट सोय आहे. एकावर एक थर चढवायचे, तयार ठेके लावायचे, पडद्यावरच्या पट्ट्यांवर बोटं फिरवायची, हे सगळं त्यात होतं. यातून काय घडू शकतं याचे दाखले परदेशात आहेत. इंग्लंडच्या गोरिलाझ या बँडचा डेमन अल्बर्न २०१० मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर होता. आयपॅड बाजारात येऊन तेव्हा काही महिनेच झाले होते. त्याने दौऱ्यातच, बराचसा त्या आयपॅडवर, एक अख्खा अल्बम उभा केला. अमेरिकेतल्या स्टीव्ह लेसीने ऐन तारुण्यात आयफोनला गिटार जोडून, त्याच फोनच्या माइकवर गाऊन काम सुरू केलं, आणि २०१७ साली रॅपर केंड्रिक लमारच्या अल्बममधल्या एका गाण्याच्या निर्मितीत त्याचा हात होता. स्टुडिओचं भाडं परवडत नाही म्हणून हात बांधून बसलेल्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

पण त्यांचं संगीत बऱ्याचदा तालाच्या तुकड्यावरून, कॉर्डवरून वर चढतं. आपल्या भावगीताची, अभंगाची चाल ओळीतून निघते. म्हणून तयार ठेका आधी लावून त्यावर गायला बसलो की आपल्याही नकळत ओळ त्या ठेक्याच्या मापाची होते. शिवाय ही ॲप चार-चार मात्रांचे घर आखून बसलेली असतात. केरवा आणि तीनताल त्यात सहज बसतात. दादऱ्यासाठी सहाचं घर बहुधा मिळतं. झपतालाचं काय? तिथे थोडा हिशेब करावा लागतो. चार मात्रांची पाच घरं घेतली की वीस मात्रा होतात, म्हणजे झपतालाची दोन आवर्तनं. रूपकासाठी सात घरं घ्या: अठ्ठावीस मात्रा, चार आवर्तनं. एवढा तुकडा गोल फिरवत ठेवला की काम भागतं. मात्र मेट्रोनोमचा, म्हणजे लय मोजणाऱ्या टिकटिकीचा, जोर दर चौथ्या टिकटिकीनंतर पडतो, तो बंद करायला विसरू नका. नाहीतर रूपक म्हणता म्हणता घोटाळा होतो.

आणखी एक बटण असतं, क्वांटाइझ नावाचं. वाजवलेला प्रत्येक स्वर ते ओढून नेमक्या मात्रेवर बसवतं. वाजवणाऱ्याचा हात कच्चा असेल तर मदतच आहे. पण गाताना आपण शब्द ठेक्याच्या किंचित मागे ठेवतो, त्यातच तर गोडी असते, आणि हे बटण नेमकं तेवढंच काढून टाकतं. पडद्यावरच्या पट्ट्यांवर भैरवातला आंदोलित रिषभ शोधू नका. तिथे सगळे स्वर जागच्या जागी ठोकलेले असतात. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, हवी असेल तर गळाच वापरा.

जपणुकीबद्दल थोडक्यात सांगतो. ॲपलनेच २०१६ मध्ये गाण्याच्या कल्पना टिपण्यासाठी म्युझिक मेमोज नावाचं खास ॲप काढलं होतं. वाजवलेल्या ओळीला ते आपोआप ड्रम आणि बेसची साथ जोडून द्यायचं. २०२१ मध्ये ते बंद झालं. तेव्हा चाल ॲपच्या पोटात ठेवू नका, साधी ऑडिओ फाइल करून बाहेर काढा. फाइलला "नवीन रेकॉर्डिंग १७" असं नाव राहू देऊ नका. ओळीचे पहिले शब्द, ताल आणि पट्टी एवढं लिहिलंत तरी पुष्कळ झालं. आणि कुणाची बैठक, कुणाची तालीम टिपणार असाल तर आधी विचारा. बुवा नाही म्हणाले तर फोन खिशात ठेवा.

शेवटी वादकांकडे पाठवणं. व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट पाठवली की आवाज पुष्कळ दाबला जातो. बोलण्याला तेवढा पुरतो, तंबोऱ्याला आणि डग्ग्याच्या घुमाऱ्याला पुरत नाही. तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर जशीच्या तशी जाते. सोबत पट्टी, ताल, लय लिहा आणि सम कोणत्या अक्षरावर आहे ते ठळक लिहा. तबलजी बाकी काही वाचो न वाचो, ते अक्षर वाचतोच. आणि उत्तरादाखल अर्ध्या मिनिटाचा ठेका वाजवून पाठवतो, बहुतेक वेळा आपण मागितला होता त्यापेक्षा थोडा संथ. आपली चाल एकदा त्या लयीत गाऊन बघा. नमस्कार.