राजा टेकडीवर, राजा हिरवळीवर

(दृश्य : २६ जानेवारी, सकाळ. नागपूरच्या सीताबर्डी किल्ल्याबाहेरची रांग.)

वर्षातून तीनच दिवस हा किल्ला आपल्याला उघडा असतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट. एरवी लष्कराचा पहारा. त्यामुळे बर्डीवरच जन्म गेलेली मंडळीसुद्धा आज पहिल्यांदा वर चढताहेत. नातवाचं बोट धरून.

(दृश्य : कोरीव अक्षरांचा खांब, जवळून.)

लोक सेल्फी काढून पुढे सरकतात. आम्ही थांबलो. ब्रिटनचे राजे पाचवे जॉर्ज आणि राणी मेरी यांनी या किल्ल्यावरून नागपूरकरांना दर्शन दिलं, असं या खांबावर कोरलंय. राजा वर, रयत खाली.

१९११-१२ चा तो दौरा. त्याच दौऱ्यात, १२ डिसेंबर १९११ ला दिल्ली दरबारात जाहीर झालं, की व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक, यापुढे हिंदी शिपायालाही मिळेल. तोवर पलटणीतल्या गोऱ्या अधिकाऱ्याला तो मिळायचा, शेजारी लढणाऱ्या शिपायाला नाही.

(दृश्य : जुनी छायाचित्रं. घुमट, झुंबरं, खाटांच्या रांगा.)

हे लखनौ नव्हे. इंग्लंडमधलं ब्रायटन, रॉयल पॅव्हिलियन. पहिल्या महायुद्धात फ्रान्स-बेल्जियमहून आलेल्या हिंदी जखमींचं हॉस्पिटल. सातशेवर खाटा. महालाच्या मुदपाकखान्यात ऑपरेशन थिएटर. बाहेर नऊ स्वयंपाकघरं, कारण कोण कोणाच्या हातचं खाणार हा प्रश्न शिपायांबरोबर समुद्र ओलांडून आला होता. वॉर्डात पाण्याचे नळही दोन, हिंदूंचा वेगळा, मुसलमानांचा वेगळा. एवढी व्यवस्था उगाच नव्हती. तिचे फोटो, पोस्टकार्डं हिंदुस्थानात दाखवायची होती. राजानं स्वतःचा महाल जखमींना दिला, अशी हवाही झाली. खरं तर तो महाल १८५० मध्येच शहराला विकला गेला होता. असो.

(दृश्य : पॅव्हिलियनची हिरवळ. राजा आणि जखमी सैनिक.)

२५ ऑगस्ट १९१५. नागपुरात टेकडीवर उभा राहिलेला तोच राजा. समोर मीर दस्त, आफ्रिदी पठाण, पलटणीतला जमादार म्हणजे कनिष्ठ हिंदी अधिकारी. २६ एप्रिलला बेल्जियममधल्या ईप्रच्या रणात, विषारी वायू पसरलेला असताना, गोळीबारातून आठ ब्रिटिश आणि हिंदी अधिकाऱ्यांना सुरक्षित जागी नेणारा. राजा त्याला व्हिक्टोरिया क्रॉस देतो.

(निवेदन नाही. छायाचित्र बारा सेकंद.)

एकदा जखमी झालेल्याला पुन्हा खंदकात धाडू नये, असं मीर दस्तनं राजाला सुचवल्याचं सांगतात. वायूचा त्रास त्याला पुढेही होत राहिला. जानेवारी १९१६ मध्ये हॉस्पिटल बंद झालं.

(दृश्य : किल्ला. लोक उतरताहेत.)

पहारेकरी शिट्टी वाजवतो. एक आजोबा अजून खांबापाशीच आहेत, चष्मा पुसून अक्षरं लावताहेत. फाटक लागायची वेळ झाली.

आता पुढची तारीख, १ मे.