कारवी न फुललेल्या वर्षांचं काय?

नमस्कार मंडळी. कारवी, म्हणजे सह्याद्रीतलं साधारण आठ वर्षांनी एकदाच फुलणारं झुडूप, म्हटलं की जांभळे डोंगरच डोळ्यासमोर येतात ना, 2016 ला मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात फुलली, परत 2024 ला, लोकांची नुसती झुंबड. पण मधली सात वर्षं ती तिथेच असते की हो, पावसाळ्यात हिरवीगार, आणि तेव्हा तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. आज बोलायचंय ते त्या सात वर्षांबद्दल, हर्बेरियमच्या निमित्ताने.

हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या झाडांचं दफ्तर. फांदी रद्दी पेपरात दाबायची, पेपर ओले झाले की बदलायचे (पावसाळ्यात हे काम जीव खातं, आळस केला की बुरशी ठरलेली), सुकली की जाड कागदावर लावायची (हीच शीट) आणि खाली लेबल, जागा, तारीख, कोणी गोळा केली ते. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लाटर हर्बेरियम आहे 1906 पासूनचं, पुण्यात बॉटनिकल सर्व्हे ऑफ इंडिया या सरकारी संस्थेचं आहे. लेबल नसेल तर माझ्या मते तो पालापाचोळाच.

आता कारवीचं बघा. एका डोंगरावरची झुडपं साधारण आठ वर्षांनी एकदम फुलतात, बी धरतात आणि मरून जातात. म्हणजे एकाच डोंगरावरच्या फुलांच्या शीटच्या तारखा ओळीने लावल्या की त्यांच्यात आठ-आठ वर्षांची अंतरं दिसायला हवीत, आणि शेजारचा डोंगर वेगळ्या साली फुलत असेल तर तेही तिथेच पकडता येईल. घोळ असा की फूल नसेल तर फांदी घ्यायचीच नाही अशी गोळा करणाऱ्यांची सवय, आणि त्यांचंही चूक नाही म्हणा, कारवी आणि तिच्या भावंडांतला, म्हणजे जवळच्या जातींतला फरक नुसत्या पानांवरून सांगणं अवघडच. पण मग एखाद्या डोंगराची एकही शीट नाही याचा अर्थ काय घ्यायचा, तिथे कारवी नव्हती, की होती पण फुलली नव्हती, की तिथे कोणी गेलंच नाही?

शेवटचं कारण तर हमखास. खंडाळा, माथेरान, महाबळेश्वर, जिथे रेल्वे नाहीतर गाडीरस्ता तिथे लोक जाणार. वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव खंडाळ्यात इतकं फिरले की 1953 ला तिथल्या झाडांची अख्खी सूची छापून आली, पण खाली कोकणाकडे उतरणाऱ्या आडवाटेच्या रानांना असा माणूस क्वचितच मिळाला. अशा नोंदींचे ठिपके नकाशावर टाकले तर कारवी कुठे आहे यापेक्षा रस्ते कुठे आहेत तेच दिसायची भीती. त्यात जुन्या लेबलवर नुसतं गावाचं नाव, म्हणजे माथ्यावरची की दरीतली ते कळत नाही.

म्हणून जे अभ्यासासाठी नमुने घेतात त्यांनी बिनफुलांची फांदी पण घ्यावी, झुडपाची उंची लिहावी, जुनी वाळकी बोंडं दिसली तर तेही लिहावं. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात मात्र परवानगीशिवाय फांदी तोडता येत नाही, तिथे पान, खोड आणि पूर्ण झुडूप असे फोटो काढा आणि मोबाईलचं लोकेशन चालू ठेवा.